पडद्यामागील संपादक : फ्रेड फ्रेंडली

१४ एप्रिल १९४४ हा दिवस ज्यांनीं मुंबईंत काढला, त्यांच्या स्मृतींतून तो कधींच पुसला गेला नाहीं. व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ नांवाचें जहाज धक्क्याला लागलें होतें. त्याच्या पोटांत कापसाच्या गांठी होत्या, सोन्याच्या विटा होत्या, आणि त्यांच्याच शेजारीं सुमारें चौदाशें टन स्फोटक द्रव्यें होतीं. दुपारीं आग लागली, ती आटोक्यांत येईना, आणि चार वाजून सहा मिनिटांनीं जो पहिला स्फोट झाला त्यानें सारें शहर हादरलें. अर्ध्या तासाच्या आंत दुसरा स्फोट झाला. गोदींतील बोटी, गोदामें, भोंवतालच्या वस्तींतील घरें यांची राखरांगोळी झाली. शेंकडों माणसें मेलीं, हजारों बेघर झालीं. आणि एवढा अनर्थ घडूनहि त्याची सविस्तर हकीकत बातमीदारांना बाहेरच्या जगाकडे पाठवितां येण्यास मे महिना उजाडावा लागला. कारण काळ युद्धाचा होता आणि वृत्तावर सरकारी नियंत्रण होतें.

त्या दिवशीं संकटांत सांपडलेल्यांच्या मदतीला जे धांवले त्यांत एक अमेरिकन सार्जंट होता. उंचापुरा देह, मोठा आवाज, आणि स्वस्थ बसणें ठाऊक नाहीं असा स्वभाव. ब्रह्मदेश, चीन व हिंदुस्थान या आघाडीवरील अमेरिकन सैनिकांसाठीं ‘सीबीआय राउंडअप’ नांवाचें एक वृत्तपत्र दिल्लीहून निघत असे, त्याचा तो बातमीदार होता. मुंबईच्या कामगिरीबद्दल त्याला ‘सोल्जर्स मेडल’ हें पदक मिळालें. त्याचें नांव फ्रेड फ्रेंडली. पुढील बावीस वर्षांत हाच मनुष्य अमेरिकेंतील दूरचित्रवाणीच्या वृत्तविभागाचा शिल्पकार ठरला, त्या विभागाच्या सर्वोच्च आसनावर चढला, आणि एका सकाळीं एक बातमी दाखवूं दिली नाहीं एवढ्याच कारणासाठीं त्या आसनावरून खालीं उतरला. त्याच्या या व्यवसायजीवनाची कथा हाच आजच्या भाषणाचा विषय होय.

प्रथम त्याचा व्यवसाय कोणता, हें स्पष्ट केलें पाहिजे. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर जो बोलतो त्याचें मुख सर्वांच्या परिचयाचें होतें. त्याचें नांव घरोघर जातें. परंतु कोणता विषय घ्यावयाचा, कॅमेरा कोठें पाठवावयाचा, मैलोगणती चित्रित फितींतून कोणते वीस हात ठेवावयाचे व कोणते टाकावयाचे, कोणता शब्द कोणत्या चित्रापुढें यावयाचा, हें ठरविणारा मनुष्य निराळाच असतो. त्याला निर्माता म्हणतात. मुद्रणाच्या जगांत जें स्थान संपादकाचें, तेंच येथें निर्मात्याचें. फरक इतकाच कीं, संपादकाला अग्रलेख तरी लिहावयास मिळतो. निर्मात्याला बहुधा स्वतःचा आवाजहि नसतो. दुसऱ्याच्या मुखानें त्याला बोलावें लागतें. फ्रेंडलीच्या बाबतींत तें मुख एडवर्ड मरो या असामान्य वृत्तनिवेदकाचें होतें, हें त्याचें भाग्य.

फ्रेंडलीचा जन्म ३० ऑक्टोबर १९१५ रोजीं न्यूयॉर्क शहरांत झाला. त्याचें मूळ नांव फर्डिनंड फ्रेंडली वाखेनहायमर. वडील जडजवाहिराच्या धंद्यांत होते. परंतु पितृछत्र बालपणींच हरपलें. ऱ्होड आयलंड संस्थानांतील प्रॉव्हिडन्स या गांवीं आईनें त्याला वाढविलें. शाळेंत त्याची गति बेताचीच होती. वाचणें जड जाई. परीक्षांच्या यादींत नांव वर येण्याचा प्रसंग सहसा नसे. एका लहान महाविद्यालयांतील शिक्षण आटोपून तो १९३७ सालीं प्रॉव्हिडन्सच्या नभोवाणी केंद्रावर गेला, आणि थोर स्त्रीपुरुषांच्या जीवनावर पांच पांच मिनिटांचीं भाषणें रचूं लागला. येथेंच वाखेनहायमर हें लांबलचक आडनांव गळून पडलें व आईच्या माहेरचें ‘फ्रेंडली’ हें नांव त्यानें धारण केलें. जो मुलगा पुस्तकांतून शिकूं शकत नव्हता, तो कानानें शिकला आणि कानासाठींच लिहूं लागला. पुढें त्याच्या हातून जें कांहीं उत्तम घडलें त्याचें मूळ येथें सांपडतें. ऐकणाऱ्याचें लक्ष केव्हां सुटतें, हें त्याला पुस्तकी विद्वानांपेक्षां लौकर कळत असे.

१९४१ सालीं तो सैन्यांत दाखल झाला. या युद्धानें त्याला दोन गोष्टी दाखविल्या. एक मुंबईच्या गोदींतील. दुसरी त्याहूनहि भयंकर. १९४५ च्या मे महिन्यांत युरोपच्या दौऱ्यावर असतांना ऑस्ट्रियांतील माउथहाउझेन येथील नाझी छळछावणी मुक्त झाली, तेव्हां तो तेथें होता. फ्रेंडली स्वतः ज्यू. तेथें त्यानें जें पाहिलें तें त्यानें आईला एका पत्रांत लिहून कळविलें, आणि हें विसरूं नये अशी विनवणी केली. ज्यू लोकांचा वल्हांडणाचा सण आला कीं त्याच्या घरांत तें पत्र दरवर्षीं मोठ्यानें वाचण्याचा प्रघात पडला. पाहिलेली गोष्ट नोंदवून ठेवली नाहीं तर ती घडलीच नाहीं असें म्हणणारे उद्यां निपजतील, ही जाणीव त्या पत्राच्या मुळाशीं होती. अनुबोधपटाच्या कलेचें याहून दुसरें तत्त्व तें काय असणार ?

युद्ध संपल्यावर तो न्यूयॉर्कला आला तेव्हां त्याच्याजवळ नोकरी नव्हती. एक कल्पना मात्र होती. गेल्या बारातेरा वर्षांच्या इतिहासांतील खरे आवाज, म्हणजे रूझवेल्ट, चर्चिल, हिटलर यांचीं नभोवाणीवरील भाषणें, एकत्र करून त्यांची ध्वनिमुद्रिका काढावी. निवेदनासाठीं त्यानें मरोला गांठलें. जर्मन विमानें लंडनवर आग ओकत असतांना तेथून रोज अमेरिकेशीं बोलणारा हा निवेदक त्या वेळीं कीर्तीच्या शिखरावर होता. १९४८ सालीं कोलंबिया कंपनीनें ‘आय कॅन हिअर इट नाऊ’ या नांवानें ह्या तबकड्या बाजारांत आणल्या. विकत घेऊन ऐकण्यासारखी वस्तु म्हणजे गाणें, असा तोंवर धंद्यांत समज होता. इतिहासहि लोक पैसे देऊन ऐकतात, हें या तबकड्यांनीं सिद्ध केलें.

परंतु सत्यासाठीं येथेंच एक उणीव सांगितली पाहिजे. पर्ल हार्बरवरील हल्ल्याची जी नभोवाणीवार्ता या संग्रहांत ऐकूं येते, ती त्या दिवशींची मूळ वार्ता नव्हे. जॉन डेली या निवेदकाकडून ती मागाहून पुन्हां वदवून घेतलेली आहे. ऐकणाऱ्याला याचा पत्ता लागत नाहीं, आणि पुढें अनेकांनीं तीच अस्सल म्हणून उद्धृत केली. परिणाम साधण्याच्या भरांत कारागीर वस्तुस्थितीवर केव्हां हात फिरवितो, हें त्याचें त्यालाहि कळत नाहीं. फ्रेंडलीच्या गुणांइतकाच हा मोहहि खरा होता, आणि पुढील आयुष्यांत त्याला त्याच्याशीं झगडावें लागलें.

या जोडीनें १९५० च्या डिसेंबरांत सीबीएस या संस्थेंत ‘हिअर इट नाऊ’ हा नभोवाणीवरील वृत्तकार्यक्रम सुरू केला. पुढच्याच वर्षीं ‘हिअर’ जाऊन ‘सी’ आलें. १८ नोव्हेंबर १९५१ रोजीं ‘सी इट नाऊ’चा पहिला प्रयोग झाला. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत अमेरिकेच्या पूर्व व पश्चिम किनाऱ्यांना जोडणारी चित्रवाहिनी खुली झाली होती. त्या संधीचा फ्रेंडलीनें असा उपयोग केला कीं, एका पडद्यावर न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल आणि दुसऱ्यावर सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल एकाच क्षणीं दाखविले. अटलांटिक व प्रशांत हे दोन महासागर मनुष्याला बसल्या जागीं एकसमयावच्छेदेंकरून दिसण्याचा तो पहिला प्रसंग. आणि हें सारें दाखविणारा मरो सजविलेल्या दालनांत बसलेला नव्हता. यंत्रांच्या खोलींत, तंत्रज्ञांच्या गर्दींत बसलेला होता. आम्हीं हें कसें करतों तेंहि पाहा, असा त्यांत आशय होता.

तोंपर्यंत दूरचित्रवाणीवरील बातम्या म्हणजे चित्रगृहांत मुख्य खेळापूर्वीं दाखविल्या जाणाऱ्या वृत्तपटांचे तुकडे आणि ते वाचून दाखविणारा एक मनुष्य, एवढाच प्रकार असे. फ्रेंडलीनें स्वतःचे बातमीदार व छायाचित्रकार बाहेर धाडले. प्रसंगाचे खरे आवाज त्याच जागीं टिपावयाचे, कोणाचीहि तालीम घ्यावयाची नाहीं, नटांकडून कांहीं करून घ्यावयाचें नाहीं, हा त्यांचा दंडक. १९५२ च्या नाताळांत कोरियाच्या रणांगणावर त्यानें आपलीं माणसें पाठविलीं तीं सेनापतींच्या मुलाखतींसाठीं नव्हेत. थंडींत खंदक खणणाऱ्या सामान्य शिपायांसाठीं. राष्ट्रीय प्रश्न मोठा असला कीं त्याचें चित्र लहान माणसाच्या चेहऱ्यांत शोधावें, ही या कार्यक्रमाची रीति बनली.

या रीतीची कसोटी १९५३ सालीं लागली. जोसेफ मॅकार्थी नांवाचा सिनेटर त्या काळीं अमेरिकेंत गाजत होता. सरकारी कचेऱ्यांत कम्युनिस्ट घुसले आहेत, अशी आरोळी त्यानें १९५० सालीं ठोकली होती, आणि तेव्हांपासून संशय हाच पुरावा मानण्याची सांथ देशभर पसरली होती. अशा वेळीं मिशिगन संस्थानांतील एका लहान गांवची बातमी मरोच्या दृष्टीस पडली. मिलो राडुलोविच हा वायुदलाच्या राखीव पथकांतील लेफ्टनंट. वय सव्वीस. त्याला बडतर्फ करण्याची शिफारस झाली होती, आणि त्याचा अपराध ? वडील सर्बियन भाषेंतील एक वृत्तपत्र वाचतात आणि बहिणीचीं राजकीय मतें डावीं आहेत ! चौकशींत पुरावा म्हणून एक मोहोरबंद लखोटा पुढें ठेवण्यांत आला. तो आरोपीला नाहीं, त्याच्या वकीलालाहि उघडून दाखविला नाहीं.

फ्रेंडलीनें जोसेफ वर्श्बा या बातमीदाराला तिकडे पाठविलें. राडुलोविच बोलला, बहीण बोलली, म्हातारा बाप आपल्या मोडक्या इंग्रजींत बोलला, शेजारीपाजारी बोलले. वायुदलाला आपली बाजू मांडण्यास बोलावलें, तें आलें नाहीं. २० ऑक्टोबर १९५३ रोजीं हा कार्यक्रम दाखविला गेला. त्याची जाहिरात करण्यास संस्था तयार होईना, तेव्हां मरो व फ्रेंडली यांनीं स्वतःच्या खिशांतून दीड हजार डॉलर भरून ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्यें जाहिरात दिली. तींत सीबीएसचें बोधचिन्ह नव्हतें. खालीं या दोघांचींच नांवें होतीं. पांच आठवड्यांनीं, २४ नोव्हेंबर रोजीं, वायुदलाच्या सचिवानें राडुलोविचला पूर्ण निर्दोष ठरविलें.

पुढचें पाऊल उघड होतें. कित्येक महिने मॅकार्थीचीं भाषणें, सभा, चौकश्या यांच्या फिती गोळा करण्याचें काम चाललें होतें. ९ मार्च १९५४ च्या रात्रीं ‘सी इट नाऊ’चा पूर्ण अर्धा तास मॅकार्थीला वाहिलेला होता. त्यांत त्याच्यावर टीका करणारा विरोधक एकहि नव्हता. मॅकार्थीच बोलत होता. तो एक विधान करी, आणि मरो त्यापुढें वस्तुस्थिति ठेवी. त्याचें हंसणें, त्याचें धमकावणें, साक्षीदाराला मध्येंच तोडणें, हें सारें त्याच्याच मुखानें प्रकट झालें. शेवटीं मरोनें थेट कॅमेऱ्याकडे पाहून मतभेद आणि राजद्रोह यांत गल्लत करूं नका, असें देशबांधवांना बजावलें. त्या रात्रीं संस्थेच्या दूरध्वनियंत्रांना उसंत मिळाली नाहीं; तारा व पत्रें यांचा पाऊस पडला, आणि त्यांतील फार मोठा भाग अनुकूल होता.

या कार्यक्रमाभोंवतीं पुढें जवळजवळ दंतकथाच रचली गेली. म्हणून दोन गोष्टी तोलून सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी कीं, मॅकार्थीला उखडलें तें एकट्या या अर्ध्या तासानें नव्हे. कित्येक वृत्तपत्रकारांनीं त्याच्याशीं आधींपासून झुंज घेतली होती. त्याच वसंतांत सैन्य विरुद्ध मॅकार्थी ही चौकशी सुरू झाली व ती दिवसेंदिवस एबीसी आणि ड्यूमॉन्ट या वाहिन्यांनीं दाखविली. सीबीएसनें ती दिवसाउजेडीं दाखविली नाहीं, हेंहि लक्षांत ठेवण्याजोगें आहे. २ डिसेंबर १९५४ रोजीं सिनेटनें ६७ विरुद्ध २२ मतांनीं त्याचा निषेध केला. दुसरी गोष्ट अधिक नाजूक. एखाद्या माणसाच्या शेंकडों तासांच्या वर्तनांतून त्याचे अत्यंत कुरूप असे क्षण निवडून ते सलग दाखविले तर कोणता सज्जन त्यांतून सुटेल ? गिल्बर्ट सेल्डिस हा समीक्षक मॅकार्थीचा मुळींच चाहता नव्हता. तरीहि त्यानें हीच शंका बोलून दाखविली. आज हें शस्त्र मरोच्या हातीं आहे, उद्यां तें कोणाच्या हातीं जाईल ? मॅकार्थीला उत्तरासाठीं वेळ देण्यांत आला होता आणि ६ एप्रिल रोजीं त्यानें उत्तर दिलेंहि. परंतु संकलनाची कात्री ज्याच्या हातीं त्याचें बळ उत्तर देणाऱ्यापेक्षां नेहमींच अधिक, हें नाकारतां येत नाहीं. ही शंका मात्र कायमची उभी राहिली, आणि प्रत्येक निर्मात्याला ती आपल्यापुरती सोडवावी लागते.

विजयानंतरची कथा मात्र विजयाची नाहीं. अॅल्युमिनियम तयार करणारी अल्कोआ कंपनी या कार्यक्रमाचा खर्च सोशीत असे. १९५५ सालीं तिनें हात आंखडता घेतला. त्याच वर्षाच्या मे-जून महिन्यांत धूम्रपान व फुफ्फुसाचा कर्करोग यांच्या संबंधाविषयीं दोन भाग दाखविले गेले. ज्याच्या हातांतील सिगारेट कधींच विझत नसे त्या मरोनेंच हे भाग सादर करावे, आणि दहा वर्षांनीं, १९६५ च्या एप्रिलांत, त्याच रोगानें त्याचा अंत व्हावा, हा दैवाचा खेळ म्हणावयाचा ! ७ जून १९५५ च्या रात्रीं या कार्यक्रमाच्या लगत आधीं एक नवा प्रकार सुरू झाला. प्रश्नांचीं उत्तरें द्या आणि चौसष्ट हजार डॉलर जिंका, असा तो खेळ होता. यंत्रांच्या खोलींत बसून तो पाहत असतां मरोनें फ्रेंडलीला विचारलें कीं, आपली ही वेळ आतां आपल्या हातीं किती दिवस राहणार ? तो अंदाज बरोबर ठरला. त्या खेळानें आसपासच्या वेळेचें मोल इतकें वाढविलें कीं, गंभीर विषयासाठीं ती वापरणें व्यापाऱ्याला परवडेना. ‘सी इट नाऊ’ साप्ताहिकाचें नैमित्तिक झालें, आणि १९५८ सालीं बंद पडलें. संस्थेचा अध्यक्ष विल्यम पेली यानें कारण सांगितलें तें असें कीं, दर वेळीं उठणारी ही पोटदुखी आपल्याला नको.

कालचक्र कसें फिरतें पाहा. पुढच्याच वर्षीं या प्रश्नोत्तरांच्या खेळांतील कित्येक स्पर्धकांना उत्तरें आधींच पढविलेलीं असत, असें उघडकीस आलें. सार्वजनिक संतापाची लाट उसळली. गेलेली पत परत मिळविण्यासाठीं ज्या गंभीर कार्यक्रमांना बाजूस सारलें होतें तेच संस्थेला पुन्हां आठवले. १९५९ सालीं ‘सीबीएस रिपोर्ट्स’ ही माला सुरू झाली आणि फ्रेंडली तिचा प्रमुख निर्माता झाला. तींतील ‘हार्वेस्ट ऑफ शेम’ हा अनुबोधपट २५ नोव्हेंबर १९६० रोजीं दाखविला गेला. आदल्याच दिवशीं अमेरिकेंत धन्यवाददिनाचा सण होता. घरोघर ताटें भरलीं होतीं. डेव्हिड लो या निर्मात्यानें महिनोन्‌महिने फिरून तयार केलेल्या या चित्रांत, तीं ताटें ज्यांच्या श्रमांनीं भरतात त्या भटक्या शेतमजुरांचे हाल दाखविले होते. फ्लोरिडाहून निघून पिकांमागें उत्तरेकडे सरकणारीं हीं कुटुंबें. मालवाहू गाड्यांत दाटीनें उभीं असलेलीं माणसें. मागें राहिलेलीं त्यांचीं पोरें. ऊसतोडीच्या हंगामांत बैलगाड्या जुंपून, पुढें ट्रॅक्टरांत बसून, मराठवाड्यांतून कारखान्यांकडे जाणारीं बिऱ्हाडें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांना हें चित्र परकें वाटावयाचें नाहीं.

या चित्राला एक कडवट पुरवणीहि आहे. १९६१ सालीं मरोनें सीबीएस सोडून सरकारच्या परदेश-माहिती खात्याचें प्रमुखपद स्वीकारलें. आणि ब्रिटनच्या बीबीसीनें ‘हार्वेस्ट ऑफ शेम’ दाखवूं नये म्हणून खटपट करण्याची पाळी त्याच्यावरच आली. आसन बदललें कीं थोराचीहि दृष्टि बदलते. ही खटपट फळाला आली नाहीं, हें त्याच्या कीर्तीचें सुदैव.

मार्च १९६४ मध्यें फ्रेंडली सीबीएसच्या वृत्तविभागाचा अध्यक्ष झाला. आजवर तो एका कार्यक्रमाचा धनी होता. आतां साऱ्या विभागाचा. परंतु अधिकार वाढला तशी बंधनेंहि वाढलीं. त्याच उन्हाळ्यांत पक्षाधिवेशनाच्या वार्तांकनांत प्रतिस्पर्धी एनबीसीनें सीबीएसला मागें टाकलें, तेव्हां वॉल्टर क्रॉंकाइटसारख्या निवेदकाला पुढच्या अधिवेशनापुरतें दूर करण्याचा वरिष्ठांचा आग्रह फ्रेंडलीनें मान्य केला. प्रेक्षकसंख्येच्या भीतीनें माणसाची पारख गुंडाळून ठेवली, असा तो प्रसंग होता. दुसऱ्या प्रसंगीं मात्र तो डगमगला नाहीं. ऑगस्ट १९६५ मध्यें व्हिएटनाममधील काम ने या खेड्यांत अमेरिकन सैनिक झोंपड्यांना आगी लावीत आहेत, असें चित्र मॉर्ली सेफर या बातमीदारानें पाठविलें. तें दाखविणें म्हणजे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांचा रोष ओढवून घेणें होतें. तें दाखविलें गेलें, आणि रोषहि ओढवला.

आणि मग १० फेब्रुवारी १९६६ ची सकाळ उजाडली. सिनेटची परराष्ट्रसंबंध समिति, सिनेटर फुलब्राइट यांच्या अध्यक्षतेखालीं, व्हिएटनामच्या युद्धाची उघड चौकशी करीत होती. त्या दिवशीं साक्ष होती जॉर्ज केनन यांची. सोव्हिएट सत्तेला आवर घालण्याचें धोरण ज्यांच्या लेखणींतून उतरलें तोच हा मुत्सद्दी. आणि व्हिएटनाममध्यें अमेरिकेनें इतकें गुंतूं नये, असें तो सांगणार होता. पूर्वींच्या कांहीं साक्षी सीबीएसनें दाखविल्या होत्या. केननची दाखविण्यास फ्रेंडलीनें परवानगी मागितली. नुकताच वरच्या जागीं आलेला जॉन श्नायडर हा अधिकारी ‘नाहीं’ म्हणाला. त्याचा युक्तिवाद असा कीं, सकाळच्या वेळीं घरीं असतात त्या गृहिणी. त्यांना युद्धाच्या चर्चेंत गोडी नाहीं, आणि ज्यांचें मत देशांत चालतें ते त्या वेळीं घरीं नसतात. एनबीसीच्या पडद्यावर केनन बोलत होता, तेव्हां सीबीएसच्या पडद्यावर ‘आय लव्ह लूसी’ या विनोदी मालिकेचा एक जुना भाग पुन्हां दाखविला जात होता.

पांच दिवसांनीं, १५ फेब्रुवारी रोजीं, फ्रेंडलीनें राजीनामा दिला. त्याचें पत्र ‘न्यूयॉर्क टाइम्स’नें छापलें. एका सकाळच्या साक्षीसाठीं आयुष्याची कमाई सोडणें हें अनेकांना आततायीपणाचें वाटलें. रागाच्या भरांत घेतलेला निर्णय, अधिकार कमी झाल्याचा रुसवा, असेंहि म्हणणारे होते. आणि त्याचा तापट स्वभाव पाहतां त्यांचें म्हणणें अगदींच निराधार नव्हतें. परंतु श्नायडरच्या युक्तिवादांतील खरी मेख फ्रेंडलीला दिसली होती. ज्या गृहिणींचे मुलगे त्या युद्धावर जात होते, त्यांनाच त्या युद्धाचा विचार करण्याची गरज नाहीं, असें एक व्यापारी संस्था ठरवीत होती. मुंबईच्या गोदींतील बातमी सरकारनें युद्धाच्या नांवाखालीं अडविली होती. येथें बंदीहुकूम नव्हता, मोहोरबंद लखोटा नव्हता. होता तो फक्त सकाळच्या जाहिरातींचा हिशेब. हुकमानें अडविलेली बातमी निदान अडविली म्हणून कळते. हिशेबानें अडविलेली बातमी विनोदाच्या हंशांत बुडून जाते आणि कोणाला तिची उणीवहि भासत नाहीं.

पद गेलें, काम गेलें नाहीं. १९६७ सालीं त्यानें आपल्या अनुभवांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. कोलंबिया विद्यापीठांत मरोच्या नांवाच्या अध्यासनावर तो वृत्तविद्येचा प्राध्यापक झाला, आणि फोर्ड प्रतिष्ठानाचा दूरचित्रवाणीविषयक सल्लागार म्हणून जाहिरातींवर न जगणारी सार्वजनिक वाहिनी उभारण्याच्या खटपटीस लागला. १९६६ सालींच फोर्ड प्रतिष्ठानातर्फे अशी योजना पुढें आली कीं, कृत्रिम उपग्रहांतून होणाऱ्या प्रक्षेपणाचा नफा सार्वजनिक दूरचित्रवाणीला द्यावा. ती योजना त्या रूपांत मान्य झाली नाहीं; परंतु तिनें चर्चेला वेग दिला, आणि नोव्हेंबर १९६७ मध्यें अमेरिकेंत सार्वजनिक प्रसारणाचा कायदा झाला. १९६८ सालीं, वंशभेदाच्या दंगलींनीं देश पोळत असतांना, कृष्णवर्णीय व इतर अल्पसंख्य तरुणांना बातमीदारी शिकविण्याचा उन्हाळी वर्ग त्यानें कोलंबियांत चालविला. ज्यांच्या वस्तींत बातमी घडते त्यांच्यापैकीं बातमीदार एकहि नाहीं, हें वैगुण्य त्याला बोंचत होतें.

उतारवयांत त्यानें एक नवा प्रकार जन्मास घातला. न्यायाधीश, संपादक, पोलिस अधिकारी, मंत्री, वैद्य यांना एका मेजाभोंवतीं बसवावयाचें. एका कायदेपंडितानें मध्यें उभें राहून एक कल्पित पेंच घालावयाचा. आणि मग सॉक्रेटिसासारखें प्रश्नामागून प्रश्न विचारून प्रत्येकाला निर्णयाच्या टोंकापर्यंत ढकलावयाचें. युद्धाचें एक गुपित तुमच्या हातीं आलें आहे, तुम्ही तें छापाल काय ? छापल्यानें एक माणूस मरेल असें कळलें तर ? न छापल्यानें शंभर मरतील असें कळलें तर ? १९८४ सालीं अमेरिकन राज्यघटनेवर अशा तेरा चर्चांची माला सार्वजनिक वाहिनीवर दाखविली गेली. येथें संकलनाची कात्री हातीं घेऊन कोणाला खलनायक बनविण्याचा प्रश्न नव्हता. प्रत्येकाला आपल्याच मुखानें आपला पेंच बोलावा लागे. मॅकार्थीच्या कार्यक्रमानें उभी केलेली शंका जणूं या मार्गानें त्याला सुटली, असें म्हणतां येईल.

३ मार्च १९९८ रोजीं न्यूयॉर्क येथें, ब्याऐंशीव्या वर्षीं, फ्रेंडलीचें निधन झालें. २००५ सालीं जॉर्ज क्लूनी यानें मॅकार्थी-प्रकरणावर जो बोलपट काढला त्यांत स्वतः क्लूनीनें फ्रेंडलीची भूमिका केली, आणि आयुष्यभर पडद्यामागें राहिलेला हा मनुष्य मरणोत्तर पडद्यावर आला.

मुंबईंत दूरचित्रवाणी आली ती २ ऑक्टोबर १९७२ रोजीं. म्हणजे फ्रेंडलीनें आपलें आसन सोडल्यानंतर साडेसहा वर्षांनीं. आरंभीं एकच वाहिनी, तीहि सरकारी. पुढें वाहिन्यांची रांग लागली. त्यामुळें अमेरिकेंतील हा अनुभव आतां दूरदेशींचा राहिलेला नाहीं. ज्या घरांत संध्याकाळीं पडदा उजळतो, त्या घरांतील सुशिक्षित माणसानें काय दाखविलें एवढेंच पाहून भागत नाहीं. या घटकेला काय दाखविलें जात नाहीं, आणि तें कोणाच्या हिशेबानें, हेंहि त्यानें स्वतःशीं विचारलें पाहिजे. फ्रेंडलीच्या हातून चुका झाल्या; त्यांतल्या कांहीं वर सांगितल्याहि आहेत. परंतु सकाळीं घरीं असलेली गृहिणी ही देशाच्या विचारांत जमेस धरण्याजोगी नाहीं, हें म्हणणें त्याला मान्य झालें नाहीं, आणि त्याची किंमत त्यानें स्वतःच्या पदरची मोजली.